जिंकली तर आमच्या मुलांना

आमच्यासारख्या आयांची एक रीत होती. घरात लग्न असलं, दिवाळी असली, शाळेचं गॅदरिंग असलं, की त्याच्या एक-दोन दिवस आधी पोराला रक्त भरून आणायचं. बाकीच्या बायका पार्लरला जातात, आम्ही दवाखान्यात जायचो. थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागतं, कारण त्याचं स्वतःचं टिकत नाही. रक्त संपत आलं की पोर पिवळं पडतं, जिना चढताना मध्येच बसतं, उगाच किरकिर करतं. आणि पिशवी चढली की दुसऱ्या दिवशी गालावर लाली, ओठ लाल आणि अंगणात नुसता धुडगूस. लग्नात एखादी पाहुणी म्हणायची, "हिला कुठं काय झालंय? चांगली टुणटुणीत आहे की!" वरवर आम्हाला राग यायचा, पण आतून फार बरं वाटायचं. तेवढ्यासाठीच तर तारखा जुळवलेल्या असायच्या.

मी मूळची नांदगावची. लग्न होऊन नाशिकला मखमलाबादच्या अंगाला आले, ती फुलं पिकवणाऱ्या घरात. झेंडू, शेवंती, गुलाब. भावाभावांत वाटून आलेली जमिनीची पट्टी एवढीशी, पण फुलांवर घर चालत होतं. माझा नवरा सकाळी टोपल्या टेंपोत घालून फुलबाजारात न्यायचा. नव्वदच्या दशकात आम्हाला मुलगी झाली आणि वर्षाची व्हायच्या आतच ती पांढरीफटक पडायला लागली. डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं. दोघांच्याही रक्तात थोडा थोडा दोष होता, आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता, मुलीत मात्र तो पुरता उतरला होता. सासूबाई म्हणाल्या, "पत्रिका तर चांगली जुळली व्हती." त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं.

रक्त द्यायला फुलबाजारातली माणसं यायची. हमाल, हार ओवणारे, गजरेवाले. एक पिशवी घ्यायची तर रक्तपेढीत एकाने रक्त द्यायचं, असा तेव्हा हिशेब होता. आमच्या मुलीला वाटायचं, ज्याने दिलं त्याचंच रक्त आपल्याला मिळतं. कधी वाह्यात बोलली आणि मी डोळे वटारले की म्हणायची, "मी काय करू? या वेळी झेंडूवाल्या काकांचं रक्त आहे." जीभ तिखट होती तिची. माझ्यावर गेली होती, असं घरातले सगळे म्हणत आणि मी नाही म्हणत नसे.

ती आठ-नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. म्हणाले, रक्तासोबत शरीरात लोखंड जातं, ते बाहेर पडत नाही, साठत राहतं. हृदयात साठलं की मग आमच्या हातात काही राहत नाही. त्यावर एक औषध होतं, पण ते तोंडाने घ्यायचं नव्हतं. तळहाताएवढा एक पंप यायचा. रात्री तो कमरेला बांधायचा, त्याची बारीक सुई पोटाच्या कातडीत टोचायची आणि ते औषध सकाळपर्यंत थेंब थेंब आत जायचं. रोज. आयुष्यभर. पंप महाग आणि त्यात भरायचं औषध त्याहून महाग. मी विचारलं, "नाही लावला तर?" डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले, "वयात येईपर्यंत ठीक." मला ते ऐकून त्यांच्या टेबलावरचं सगळं खाली लोटून द्यावंसं वाटलं. मी पदर सावरला आणि बाहेर आले.

शहरात आमच्यासारख्या पालकांची एक संस्था होती. पंचवटीतले एक निवृत्त गृहस्थ तिचे अध्यक्ष, त्यांचा नातू दवाखान्यात आमच्याच वॉर्डात रक्त घ्यायचा. ते शब्दांचे आणि शिस्तीचे पक्के. चहाला किती जण आहेत याचासुद्धा ठराव करतील असे, पण धडपड खरी होती त्यांची. दोन हजार साल उलटून गेल्यावर टीव्हीवर प्रश्नमंजूषांची लाट आली होती. संध्याकाळी नाशिकभर सगळी घरं उत्तरं ओरडत बसायची. त्यातल्या एका कार्यक्रमात नटनट्या खेळायला यायच्या आणि जिंकलेले पैसे त्यांच्या मनातल्या एखाद्या संस्थेला मिळायचे. एक नटी मूळची नाशिकची निघाली. इथंच कॉलेजात शिकलेली, मालिकेत सोशिक सुनेचं काम करायची. अध्यक्षांनी कुणाच्या तरी व्याह्यांमार्फत तिला गाठलं आणि ती हो म्हणाली. जिंकली तर पैसे आमच्या मुलांना. सभेत ही बातमी सांगताना अध्यक्षांचा चष्मा ओला झाला होता.

पण एक अट होती. चॅनेलवाले तिच्यासाठी तीन संस्था बघणार होते. प्रत्येकीची छोटी फिल्म काढणार आणि त्यातून एकच निवडणार. फिल्म काढायला माणसं नाशिकला येणार असं कळलं आणि आम्ही आया कामाला लागलो. टीव्हीवर जायचं म्हणजे लग्नाहून मोठं. त्या आठवड्यात वॉर्डात खाटा पुरेनात. सिस्टर म्हणाली, "सगळ्यांचं लग्न एकाच मुहूर्तावर आहे का?" आम्ही हसलो. रविवारी सगळी पोरं नवे कपडे घालून, तेल-पावडर लावून अध्यक्षांच्या बंगल्यासमोरच्या मैदानात हजर झाली.

मुंबईहून एक तरुण मुलगी आली होती, सोबत कॅमेरावाला. सकाळपासून उपाशी असावी, तोंड सुकलेलं होतं. पोरं लंगडी खेळत होती, दोघं पेरूच्या झाडावर चढली होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि अध्यक्षांना विचारलं, "सर, ही सगळी भावंडं ना? आजारी मुलं कुठे आहेत?"

"हीच," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

तिचा चेहरा पडला. ती वाईट मुलगी नव्हती, हे मी आजही म्हणेन. तिने आम्हा बायकांत बसून चहा घेतला, प्रत्येकीचं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही सांगता ते मला कळतंय. पण बघणाऱ्याला दिसलं पाहिजे ना. बाकीच्या दोन संस्थांच्या फिल्म मी बघितल्यात. त्यात दिसतं." कॅमेरा न उघडताच ती माणसं परत गेली. महिन्याभराने पुन्हा येतो, असं सांगून गेली.

ती गेल्यावर अध्यक्षांनी घसा खाकरला. म्हणाले, "पुढच्या खेपेला दोन-तीन मुलांचं रक्त जरा पुढं ढकलता येईल का?" डॉक्टरांना विचारू या, असं कुणीही म्हणालं नाही, कारण ते काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. घोटीहून एसटीने येणारी एक बाई होती, तिच्या मांडीवर तिचा धाकटा. तिने पोरावर पदर ओढला. "माझं नाय. ते लय बारीक हाय." एकीच्या मुलाची परीक्षा होती, दुसरीच्या सासऱ्यांना चालणार नव्हतं. सगळ्यांची कारणं खरी होती. आणि तेवढ्यात आमची मुलगी उभी राहिली. "मी करते. मला सगळं सांगता येतं." टीव्हीवर जायला मिळणार म्हणून तिचे डोळे चमकत होते. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हणाले. पंप नसला तर काय होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्त थोडे दिवस लांबलं तर काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दुसरं पहिल्यापेक्षा हलकं होतं, एवढंच मला दिसलं. ज्यांना आणखी काही दिसत असेल त्यांनी तेव्हा येऊन सांगायचं होतं.

रक्ताची तारीख आली आणि आम्ही ती जाऊ दिली. मुलगी आरशासमोर उभी राहून भाषण पाठ करायची, कंगव्याचा माइक करून. "नमस्कार. मी पाचवीत शिकते. मला दर महिन्याला रक्त लागतं, ते तुम्ही देता, त्याबद्दल आभारी आहे. पण त्यातलं लोखंड काढायला पंप लागतो. तो मिळाला तर मी मोठी होईन." हे सगळं तिनेच जुळवलं होतं. मी म्हटलं, "मोठी होईन काय, तेवढं काढ." ती म्हणाली, "तेच तर मेन आहे."

ठरलेल्या दिवशी कुणी आलं नाही. नटीच्या तारखा बदलल्या होत्या. आणखी चार दिवस, मग पुढच्या सोमवारी. मी रोज किराणा दुकानातल्या फोनवरून अध्यक्षांना विचारायची, ते मुंबईला विचारायचे आणि मुंबईवाले नक्की येतो म्हणायचे. तिकडे माझी मुलगी पिवळी पडत चालली होती. आधी खेळणं सुटलं. मग शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायला लागली, बाईंनी घरी पाठवलं. भाषण म्हणताना आधी एकदा थांबायची, मग दोनदा, मग प्रत्येक वाक्याला. वेणी घालताना तिची मान माझ्या हातात टेकायची. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकदा चुलीपाशी बसून भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, "कसायालाबी दया येती." मी तवा आपटला. खरं तर मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते.

रोज सकाळी ठरवायची, आज रक्त भरून आणते, खड्ड्यात गेला तो टीव्ही. आणि रोज वाटायचं, एवढं सोसलं, आणि उद्याच आले तर? आज भरलं तर तिने सोसलेलं सगळं पाण्यात. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्या माणसासारखं झालं होतं माझं, थांबताच येत नव्हतं.

ते अखेर येणार असं पक्कं झालं, त्याच दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याने मुलीला उचललं आणि टेंपोत फुलांच्या टोपल्यांमध्ये बसवलं. मी गुलाबाच्या वाफ्यात होते. जाताना सासूबाईंना एवढंच म्हणाला, शाळेत सोडतो. घरी आल्यावर हे ऐकलं तेव्हा मला संशय यायला हवा होता, तिला शाळेपर्यंत चालवत तरी होतं का? दुपारच्या आत किराणा दुकानातून त्याचा निरोप आला. "रक्त लावलंय. तुझ्या टीव्हीवाल्यांला म्हणावं, यायचं तर हिकडं या."

मी रिक्षा केली. होळकर पूल ओलांडेपर्यंत त्याला काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. आयुष्यभर तोंडातून शब्द न काढणारा माणूस, आणि नेमकं आजच याला अक्कल सुचली! वॉर्डात शिरले तर मुलगी खाटेवर, हाताला सुई, वर लाल पिशवी, आणि तो पायथ्याशी बसलेला, अंगावर फुलांचा चुरा. तो म्हणाला, "मला नाय बघवत. तू तिचं तोंड बघितलं का?" मी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. त्याचा इतका राग आला होता आणि इतकं सुटल्यासारखं वाटत होतं, की दोन्ही मिळून काय करायचं ते कळेना. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवायचं तर वॉर्डभर बायका बसलेल्या. मी पाण्याची बाटली भरायला निघून गेले.

टीव्हीवाली मुलगी वॉर्डातच आली. अध्यक्षांनी परवानगी काढली होती. नशिबाने म्हणा, की कशाने, पिशवी अजून अर्धीही चढली नव्हती आणि मुलीचा चेहरा तसाच मेणासारखा होता. शीर सुजली म्हणून सिस्टरला सुई काढून दुसऱ्या हाताला लावावी लागली, ते कॅमेऱ्याने घेतलं. तेव्हा मुलीने तोंड वेडंवाकडं केलं. मग ती मुंबईची मुलगी खाली वाकून म्हणाली, "बेटा, थोडंसं रडशील?"

आमची मुलगी म्हणाली, "आता कशाला रडू? आता तर रक्त चढतंय."

कॅमेरावाला हसला. मग तिने भाषण म्हटलं. मध्ये कुठेही न थांबता, एका दमात, शेवटच्या वाक्यासकट. मुंबईच्या मुलीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं.

आमची फिल्म निवडली गेली. अध्यक्ष आणि कार्यकारिणीतले दोघं कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला मुंबईला जाऊन आले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, सांगायचं नाही असं लिहून घेतलंय, टीव्हीवरच बघा. ज्या संध्याकाळी कार्यक्रम लागणार होता त्या दिवशी त्यांनी पंचवटीतलं एक मंगल कार्यालय घेतलं, मोठा टीव्ही आणला, वीज जाईल म्हणून जनरेटर ठेवला. घोटीची बाई आली होती, विंचूरचे पालक आले होते, सगळ्यांची पोरं होती. कुणी पेढे आणले होते. अध्यक्षांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसले, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आधी फिल्म दाखवली. बासरी वाजत होती. आमच्या मुलीचा हात, सुई, तिचं वेडंवाकडं झालेलं तोंड, पुन्हा सुई, पुन्हा तोंड, आणि वरून एका पुरुषाचा जड आवाज हिंदीत बोलत होता. हॉलमधल्या बायका रडायला लागल्या. मुलगी सतरंजीवर अगदी पुढे बसली होती. ती वळून म्हणाली, "मी बोलले ते?"

"येईल अजून," मी म्हटलं.

ते आलं नाही. फिल्म संपली आणि नटी डोळे टिपताना दिसली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच ते कापलं होतं. "ते मेन होतं," ती म्हणाली. मग खेळ सुरू झाला आणि तिचंही लक्ष तिकडे गेलं.

नटी छान खेळली. तिला येत होतं, जिथे येत नव्हतं तिथे अंदाज बरोबर लागत होते. प्रत्येक उत्तराला हॉल टाळ्या वाजवत होता. पोरं नाचत होती. आकडा वाढत वाढत अशा ठिकाणी आला की विंचूरचे एक पालक उठून म्हणाले, "झालं! सगळ्या मुलांचं झालं!" सगळ्यांना पंप, सगळ्यांना औषध. मी माझ्या मुलीची पाठ बघत होते, फ्रॉकच्या हुकांखालची ती छोटी पाठ, आणि माझ्या मनात आलं, ही मोठी होणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तसं वाटू दिलं स्वतःला.

पुढचा प्रश्न कुठल्याशा परदेशी खेळाडूबद्दल होता. नटीला येत नव्हता. हॉलमध्ये कुणालाच येत नव्हता. कार्यक्रम चालवणारा म्हणाला, आता थांबलात तर एवढे तुमचे, चुकलात तर खाली याल. नटीने थोडा वेळ डोळे मिटले. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, "थांब!" मग सगळे ओरडायला लागले. घोटीची बाई उभी राहून हात हलवत होती, "थांब गं माय, थांब." चित्रीकरण कधीच होऊन गेलंय हे आम्हाला माहीत होतं. तरी ओरडत होतो. नटीने डोळे उघडले, सरळ आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या मुलांसाठी मी हा धोका पत्करते."

उत्तर चुकलं. आकडा धाडकन कितीतरी पायऱ्या खाली आला. तिथल्या प्रेक्षकांनी तिच्या हिमतीला उभं राहून टाळ्या दिल्या, संगीत वाजलं, आणि कुठल्यातरी साबणाची जाहिरात लागली. धोका तिने पत्करला आणि कोसळलो आम्ही. मी तिला त्या दिवशी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, आणि त्यातली एकही परत घेणार नाही.

जे पैसे आले त्यात मोजकेच पंप बसत होते. कुणाला द्यायचे यासाठी अध्यक्षांनी सभा बोलावली. डॉक्टरही आले. ते म्हणाले, जी मुलं अगदी लहान आहेत, ज्यांच्या अंगात अजून लोखंड साठलेलं नाही, त्यांना आत्ताच लावला तर पूर्ण उपयोग होईल. मोठ्या मुलांना होईल, पण तितका नाही. बोलणं बरोबर होतं. मला ते बरोबर आहे हे कळत होतं आणि त्यांचा गळा धरावासा वाटत होता. माझा नवरा जमिनीकडे बघत बसला होता. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला. लहान मुलांची यादी झाली, त्यात घोटीच्या बाईचा मुलगा होता. मग त्यांनी आवाज मऊ केला. "विशेष नमूद करण्यासारखे म्हणजे, जिच्यामुळे हा निधी मिळाला त्या मुलीने आणि तिच्या पालकांनी आपला हक्क लहानग्यांसाठी आनंदाने सोडला आहे. संस्था त्यांची ऋणी आहे." आम्हाला कुणी काही विचारलेलं नव्हतं. अध्यक्षांना त्यात लबाडी वाटत नव्हती, त्यांना तो आमचा मान वाटत होता. त्यांनी वर बघितलं. "एकमताने मंजूर?"

"मंजूर," सभा म्हणाली. आमच्याकडे प्रत्येक ठराव एकमतानेच मंजूर व्हायचा.

"नाही," माझी मुलगी म्हणाली.

ती उभी राहिली होती. अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "बाळ, ती मुलं तुझ्यापेक्षा लहान आहेत ना?"

"त्यांना द्या," ती म्हणाली. "पण मी सोडला नाही. मला कुणी विचारलंच नाही. मला पण पाहिजे पंप."

घोटीच्या बाईने पोराला छातीशी घट्ट धरलं आणि ती रडायला लागली, पण घ्या म्हणाली नाही. कशी म्हणेल? मीही म्हणाले नसते. मग माझ्या नवऱ्याने मान वर केली. "पोरगी बरोबर बोलली," तो म्हणाला. "सोडला असं लिहू नका." अध्यक्षांनी पेन उघडलं, त्या ओळीवर रेघ मारली आणि 'एकमताने'च्या जागी 'बहुमताने' लिहिलं. पंप ठरल्याप्रमाणे लहान मुलांनाच गेले. घरी येताना मुलगी टेंपोत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि मी रस्ताभर तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

काही वर्षांनी आम्हालाही एक पंप मिळाला. जुना होता. ज्यांचा होता त्यांच्या घरी आता तो लागत नव्हता. मी तो तिच्या कमरेला बांधायची आणि ती म्हणायची, "आई, घट्ट नको बांधूस, पळून नाही जात." पण डॉक्टर तपासून म्हणाले, लोखंड आधीच बरंच साठलंय. दहावीच्या वर्षात तिचे पाय सुजले, मग दम लागायला लागला. त्यांनी सांगितलं होतं तसंच, तिथेच, हृदयात. ती गेली तेव्हा शेवंतीचा हंगाम होता आणि माझ्या नवऱ्याने त्या वर्षी फुलं तोडलीच नाहीत. वाफ्यातच वाळू दिली.

घोटीच्या बाईचा मुलगा आज आहे. वडिलांपेक्षा उंच झालाय, आई दोनदा त्याला घेऊन भेटायला आली. त्याला बघून मला बरं वाटतं आणि आत आगही पेटते. दोन्ही खरं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मुलगी गेली त्याच महिन्यात संस्थेने तिची शोकसभा ठेवली होती. अध्यक्ष फार थकले होते, माइक हातात धरवत नव्हता. ते गहिवरून म्हणाले, "एवढ्या लहान वयात या मुलीने आपल्या वाट्याचा पंप लहान भावंडांना देऊन टाकला. असा त्याग मी पाहिला नाही." खोटं बोलत नव्हते ते. इतक्या वर्षांत त्यांना तसंच आठवायला लागलं होतं. समोर नवे पालक बसले होते, तरुण आया, मांडीवर पोरं घेऊन, आणि त्या सगळ्या मान हलवत डोळे पुसत होत्या.

मी उठून पुढे गेले आणि त्यांच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, "तिने काही दिलं नाही. तिला पाहिजे होता, तिने मागितला होता, आणि तिला मिळाला नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, ताईंना बसवा, पाणी द्या. एक तरुण बाई ग्लास घेऊन आलीसुद्धा. मी तिचा हात बाजूला केला.

"त्याग वगैरे म्हणू नका," मी म्हटलं. "तिला जगायचं होतं."